चिंचेखालचा ठिपका

२ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. यंदा संकल्प एकच: फोटोग्राफीत सिरियस व्हायचं.

मागच्या गुरुवारी मोशीला इंद्रायणीकाठी काढलेला फोटो आज ब्लॅक अँड व्हाइट केला. धुकं, नदी, चिंचेचं झाड, मागे अर्धे बांधलेले टॉवर. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण बराच वेळ बघत बसलो. दापोडीचे नागसेन सर, म्हणजे आमच्या फोटो क्लबचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, महिनाअखेरीला प्रदर्शन भरवणार आहेत. माझा फोटो लागणार यात शंका नाही. उद्घाटनाला बायको येईल, मिनल. तिनेच म्हटलंय, आधी लागू तर दे, मग येते.

मिनल त्याच गुरुवारी लातूरला गेली, भावाच्या वास्तुशांतीला. तिला स्टँडवर सोडायला निघालो होतो, पण वाटेत हे धुकं दिसलं. फोटो होईपर्यंत ती रिक्षाने निघूनही गेली. समजूतदार आहे.

वास्तुशांत झाली. राहील अजून चार दिवस. मोठा कुकर घेऊन गेली आहे, म्हणजे तिकडे पाहुणे फार असणार.

४ जानेवारी, शनिवार
लॅपटॉप घेऊन दापोडीला सरांकडे. (ग्रुपवर टाकला नाही. लोक आयडिया चोरतात.) सर म्हणाले, धुकं छान पकडलंय. पण वरच्या तारा खुपतात, क्रेन खुपते, आणि चिंचेखाली कसला तरी ठिपका आहे, तो एक तर नीट दाखवा नाहीतर काढा.

मला टीकेचं काही वाटत नाही. चाकणला क्वालिटीत आहे, दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक पार्ट रिजेक्ट करतो. घरी येऊन सरांच्या मुद्द्यांना नंबर दिले. सगळे क्लोज करणार.

७ जानेवारी, मंगळवार
तारा गेल्या. क्रेन गेली. क्रेनबरोबर एक टॉवरही गेला. कोणाला कळणार नाही, मोशीत टॉवरना तोटा नाही. रेव्हिजन १.

जेवायला मॅगी. उद्यापासून पोळ्या शिकणार. रोज दोन तरी.

८ जानेवारी, बुधवार
पोळी ही मुळात ओव्हररेटेड वस्तू आहे. भात.

९ जानेवारी, गुरुवार
ठिपक्याचा निकाल लावला. झूम करून पाहिलं. खांब असावा, किंवा झाडाला टेकवलेलं पोतं. नीट दाखवण्यासारखं त्यात काही नाही. काढून टाकला, वर गवत पसरलं. काम इतकं सफाईदार झालं की तिथे कधी काही होतं असं मलाही वाटेना. रेव्हिजन २.

मग जुन्या कॉपी डिलीट. ओरिजिनलसुद्धा. कंपनीची शिस्तच आहे, नवं ड्रॉइंग आलं की जुनं फाडायचं, नाहीतर लाइनवर कोणीतरी जुन्यावरून माल काढतो.

१० जानेवारी, शुक्रवार
कँटीनमध्ये कुलदीपला हे सांगितलं. तो म्हणाला, ओरिजिनल तरी ठेवायचा की राव. कुलदीपला डॉक्युमेंट कंट्रोल कळत नाही. म्हणूनच अजून असेंब्लीत आहे.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
मिनलला तिळगुळाचं चित्र पाठवलं आणि खाली रेव्हिजन २. तिचं उत्तर आलं, मी कुठाय?

विचारात पडलो. आपण कुठे आहोत हे तिला माहीत असणार. तिकडे रेंजची बोंब आहे, मेसेज अर्धा आला असावा. मी लिहिलं, लातूरला. पुढे हसरा चेहरा. तिने वाचलं.

समोर विजयश्रीवहिनींकडे हळदीकुंकू. जिन्यात चपलांचा ढीग. वहिनींनी विचारलं, मिनलताई आल्या नाहीत का अजून? म्हटलं, येतायत, प्रदर्शनाला. त्यांनी माझ्याच हातावर तिळगूळ ठेवला. दार लावून खाल्ला. घर फारच शांत वाटलं. मिक्सर रिकामाच फिरवून पाहिला. चालतो.

२० जानेवारी, सोमवार
मिनलचा फोन. तिथल्या बालवाडीत शिकवायला लागली आहे, निदान जूनपर्यंत. तिथल्या बाईंची अडचण असणार, हिला नाही म्हणता येत नाही. जून काही फार लांब नाही. ठेवताना म्हणाली, प्रदर्शनाचं काय झालं? म्हणजे लक्ष आहे.

२३ जानेवारी, गुरुवार
मोठी प्रिंट काढून दापोडीला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, भारावले. म्हणाले, सगळं स्वच्छ केलंत हो, पण आता इथे कोणीच नाही. तो ठिपका म्हणजे माणूस होतं असं मला मागाहून वाटत राहिलं. चूक माझी, मी काढा म्हणालो. ते परत आणा, रविवारपर्यंत. तोच फोटो लावतो.

परत आणा म्हणे.

संध्याकाळी मिनलला फोन केला. विचारलं, त्या गुरुवारी चिंचेखाली कोणी होतं का, तुला आठवतं?

ती म्हणाली, अहो, मी होते. बॅग घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं, हलू नको तिथून. मी हलले नाही. गाडीची वेळ व्हायला आली, तुम्ही मागे वळून बघेनात, मग रिक्षा केली.

मी म्हटलं, मला तो खांब वाटला.

ती म्हणाली, हो ना. ठेवते, कुकर लावलाय.

तिचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेली असती तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार
डिलीट झालेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं. परत आलं: गेल्या वर्षीची बिलं, एका गिअरचा फोटो, आणि मिनलने पाठवलेलं गुड मॉर्निंग. मी ते उघडलंच नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला गेलो नाही. सकाळी नदीवर. प्लॅन सोपा: कॅमेरा स्टँडवर, सेल्फ टायमर, आणि पळत जाऊन चिंचेखाली उभं राहायचं. लांबून बाई की पुरुष, काय कळतंय? कपाटात मिनलची राखाडी शाल राहिली होती, ती अंगावर घेतली. थंडीही होती.

धुकं नव्हतं. लख्ख ऊन. पहिल्यांदा टायमर संपला तेव्हा मी अर्ध्या वाटेतच होतो. दुसऱ्यांदा शाल काट्यांत अडकली. तिसऱ्यांदा धाप लागली. पलीकडे कपडे धुणारी एक बाई ओरडली, ओ दादा, कुणाच्या मागं पळताय, तिथं कुणीच न्हाई!

सगळ्यात बरा आला त्यात माझी पाठ आहे, हललेली, आणि चिंच अजून लांब आहे. तोच ब्लॅक अँड व्हाइट केला आणि सरांना नेऊन दाखवला. सर हळूच म्हणाले, या खेपेला राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.

येताना बसमध्ये तोच फोटो मिनलला पाठवला. खाली लिहिलं, तुझी जागा. मग वाटलं, काहीतरी अजून लिहायला हवं. लिहिलं, प्रदर्शनात लागला नाही, पण तू ये. मोशी येईपर्यंत फोन हातातच धरून होतो.

२७ जानेवारी, सोमवार
फर्स्ट शिफ्ट. कँटीनमध्ये मिनलचं उत्तर आलं. येते किंवा येत नाही, काहीच नाही. एवढंच लिहिलंय: चिंच ती नव्हे. मी पलीकडच्या चिंचेखाली होते.

मुद्दा लिहून घेतला. नंबर दिला. क्लोज कसा करायचा ते सुचत नाही.