पैशाने फेडलेली सावड

आत्याबाई, आपलं मागचं खाचर यंदा पडीक राहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मनात चोर राहायला नको. मी तुमची धाकटी सून. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा शाळेतही जात नव्हता. आता तो मुंबईला नोकरी करतो आणि त्याचाच मुलगा शाळेत जातो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. थोरल्या भाऊजींचं मुंबईहून पत्र आलं की मी चुलीपुढे बसून वाचून दाखवायचे, आणि तुम्ही तांदळाची भाकरी थापता थापता म्हणायचात, "हळू वाच गो, पळून नाय चाललाय तो." तेव्हा हेही मी हळूच लिहिते आहे. वाचून दाखवायला मात्र आता समोर कुणी नाही. दुपारची वेळ आहे, बाहेरच्या खोलीत तुमचा मुलगा टीव्ही लावून झोपलाय, आणि टीव्ही बंद केला की तो जागा होतो म्हणून मी तसाच चालू ठेवलाय.

वाटण्या झाल्या तो दिवस मला पक्का आठवतो. तुम्ही पडवीत पाय पसरून बसलेल्या आहात, अंगावर तुमचं ते विटकं हिरवं लुगडं, आणि पंचांसमोर थोरल्या जाऊबाई रडताहेत. रस्त्याकडचं खाचर कुणाला, यावर अडलेलं. ते सगळ्यात चांगलं. पाणी धरून ठेवणारं, खताची फारशी मागणी नसलेलं. तुमच्या माहेरी, वर कुडपणाला, सगळी उतरणीची नाचणीची जमीन, म्हणून सपाट भाताच्या खाचराचं तुम्हाला फार अप्रूप होतं. तुम्ही कुणाकडे न बघता म्हणालात, "रस्त्याकडलं धाकटीला. ती पडीक टाकायची नाय." मुलाला म्हणाला नाहीत, धाकटीला म्हणालात. मी आत भात वेळत होते, माझ्या हातातून झाकण निसटलं. माझ्या बापाने लग्नात जे दिलं ते सगळं मोडून खाऊन झालंय, पण तुमचं ते एक वाक्य मी आजवर कुठे मोडलेलं नव्हतं.

तर ते खाचर हायवेत गेलं. चौपदरी रस्ता करायला घेतला तेव्हा आधी खुणेचे दगड आले, मग माणसं, मग नोटिसा, आणि मग बरीच वर्षं काहीच नाही. आम्ही लावणी करत राहिलो. आणि एके दिवशी मोबदला खात्यात आला. किती ते लिहीत नाही. तुम्हाला त्या आकड्याचा अंदाज यायचा नाही आणि मलाही अजून येत नाही. तुम्ही जिथे बांधावर उभं राहून वाटेने जाणाऱ्यांच्या चौकशा करायचात, तिथे आता काँक्रीट आहे आणि गाड्या कुणाची चौकशी न करता जातात.

पैसे आले त्याच महिन्यात तुमच्या मुलाने महाडच्या कंपनीतली नोकरी सोडली. इतकी वर्षं पाळ्या केल्या, रासायनिक वासाचे कपडे मी अंगणात वेगळे धुतले; सोडली तेव्हा मलाही आनंद झाला. "आता कुनाचं ऐकायचं नाय," म्हणाला. पहिले काही दिवस तो गावभर हसतमुख फिरला. नंतर त्याला कळलं की ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे कामावर असतात. आता तो खुर्चीत बसतो. खुर्ची उन्हात सरकवतो, सावलीत सरकवतो. परवा म्हणाला, "माजं पाय बारीक झाले का गो?" झालेत. मी म्हटलं, नाही.

आणि माझं काय झालं ते सांगायलाच ही वही घेतलीय. तुम्हाला सावड काय ते सांगायला नको. तुम्हीच मला ती शिकवलीत. आज आम्ही चौघीजणी हिच्या शेतात लावणीला, उद्या हिने आमच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने दुपारची भाकरी आणि सुकटीचं कालवण घालायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मला ताप आला होता आणि शेजारच्या चुलत जाऊकडे जायची आपली पाळी होती. मी कांबळ्यातून म्हटलं, त्यांना पायलीभर तांदूळ पाठवून दिले तर चालणार नाही का? तुम्ही असं बघितलंत की ताप बाजूला राहिला. "सावड मानसानं फेडायची. तांदूळ तिच्याकडं पन हायेत." आणि तुम्ही स्वतः गेलात. तुमचा दिवस एकदा, माझा दिवस दुसऱ्यांदा, पाठीवर इरलं घेऊन. परत आल्यावर कमरेला हात लावून मला वाटेल तसं बोललात, आणि मग पेज करून पाजलीत. मला तेव्हा राग आला होता. इतका हट्ट कशाला, असं वाटलं होतं.

पैसे आले त्या वर्षी लावणीत नेमकी त्याच चुलत जाऊकडे जायची माझी पाळी, आणि बँकेने त्याच दिवशी सह्यांना बोलावलं. ठेव दोघांच्या नावावर होती. दुसऱ्या दिवशी गेले असते तर बँक काही पळून गेली नसती, पण तुमचा मुलगा घाईला आलेला आणि खरं सांगते, मलाही नवी साडी नेसून बँकेत खुर्चीवर बसायची हौस होती. संध्याकाळी परत आल्यावर मी जाऊकडे गेले. ती पायावरचा चिखल धूत होती. मी तिच्या हातात एका बाईची मजुरी ठेवली आणि म्हटलं, "माझ्या जागी उद्या एक बाई लावून घे." मला वाटलं, मी मोठ्या मनाने वागतेय. वरून शंभराची नोट जास्तच ठेवली होती. तिने ते पैसे बघितले, दोन्ही हातांनी नीट घडी घातली आणि कनवटीला लावले. भांडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या मागच्या खाचराच्या लावणीच्या दिवशी कुणी आलं नाही. मी भाकऱ्या करून ठेवलेल्या, कालवण रटरटतंय, आणि अंगण मोकळं. मी जाऊच्या दारात गेले. ती म्हणाली, "सावड फिटली की आपली. तू रोख दिलीस. आता तूपन मजूर सांग, तुला काय कमी हाय?" रागाने नाही म्हणाली, आत्याबाई. हिशेब सांगावा तसं साधं म्हणाली. मागून दुसरी एक हसत म्हणाली, "आमी तुज्याकडं आलो तर तू आमच्याकडं चिखलात येशील व्हय? पाटल्या भरतील गो." त्या पाटल्या तुमच्या मुलाने हौसेने केलेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यात नाही. लग्नाचं, बारशाचं बोलावणं येतं, आणि मला खुर्ची देतात. बाकी सगळ्या खाली बसून वाटाणे सोलतात, मिरच्या निवडतात, आणि मी खुर्चीत. मी हात पुढे केला की ताट बाजूला ओढतात. "तुमी बसा." मला तुमी म्हणायला लागल्या.

त्या साली बाहेरून टेम्पोने मजूर आणले. त्यांनी चांगलं काम केलं, पैसे घेतले, गेले. यंदा मी रोपच टाकलं नाही. एकटीने थोडंफार लावता आलं असतं, पण मला भात नको होतं. भात विकत मिळतं, आता तर चांगलं मिळतं. मला ती ओळ हवी होती. वाकून मागे मागे सरकताना शेजारणीचं कोपर लागतं, ती तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगते, कुणाची तरी ओळ वाकडी जाते आणि सगळ्या तिला पिडतात, ते हवं होतं. मुलाला फोनवर हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "आई, एन्जॉय कर ना आता. लोक तरसतात अशा लाइफसाठी." त्याचंही चुकत नाही. तो रोज उठून ज्यातून सुटायला बघतो, त्यात मी परत घुसायला बघतेय. मी म्हटलं, बरं. या घरात बरं म्हणण्यापलीकडे माझ्याकडे काही काम उरलेलं नाही. गॅस आहे, मिक्सर आहे, भांड्यांना बाई लावली होती, तिला मी भांडून काढली, कारण ती भांडी घासताना मी कुठे बघायचं तेच मला कळेना.

मग आषाढ सरता सरता महाडच्या बाजारात एका खताच्या दुकानात एक बाई भेटली, नाते गावाकडची. दुकानदाराला सांगत होती, शेवटचं खाचर राहिलंय आणि बाया मिळत नाहीत. मी पाटल्यांचे हात पदराखाली घेतले आणि विचारलं, "मी येऊ?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मजुरी लावनीची जी हाय तीच, जास्त नाय भेटनार." मी म्हटलं, चालेल. इतक्या घाईने म्हटलं, की तिला वाटलं असेल गरज फार आहे.

दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं, दात दाखवायला महाडला जाते. पाटल्या डाळीच्या डब्यात ठेवल्या, जुनी साडी नेसले, प्लास्टिकचा कागद पिशवीत घातला. पोलादपूरहून एसटीने महाड आणि तिथून शेअर रिक्षाने नाते. तिथे मला कुणीच ओळखत नव्हतं. खाचरात पाय घातला आणि चिखल पोटऱ्यांना लागला तेव्हा मला रडू आलं, पण पावसात ते कळत नाही. दोन बायांच्या मध्ये मला जागा दिली. एकीने विचारलं, "कुठली गो तू?" गो! मी म्हटलं, पोलादपूरकडची. "नवरा?" म्हटलं, घरी बसून असतो. ती म्हणाली, "सगल्यांचं तेच." आणि मला तिच्या मुठीतली चार रोपं दिली. माझी कमर धरली, बोटं सुजली, ओळ दोनदा वाकडी गेली आणि सगळ्या मला हसल्या. मी मनात म्हणत होते, यांना बाया मिळत नव्हत्या, मी त्यांची अडचणच भागवतेय. कुणाचं काय घेतलं मी?

तेवढ्यात बांधावर एक बाई आली. माझ्याच वयाची, वाळलेली, डोक्यावर कागद घेतलेला. पलीकडच्या वाडीतून चालत आली होती. मालकीण म्हणाली, "उशीर केलास गो. बाया पुऱ्या झाल्या." ती म्हणाली, "अर्धा दिस तरी घे." "एवढंच खाचर ऱ्हायलंय. आता पुढल्या साली." ती बाई बांधावर टेकली, डोक्यावरचा कागद काढला, त्यातलं पाणी झटकलं आणि त्याची घडी घालत बसली. घडी फार सावकाश घालत होती. तेवढ्या वेळात कुणीतरी आपल्याला हाक मारील, असं तिला वाटत असावं.

आत्याबाई, माझ्या खात्यात तिच्या सात पिढ्यांची मजुरी आहे. मला फक्त उठायचं होतं. "मला बरं वाटत नाही, हिला घ्या," एवढं बोलायचं होतं. कुणी काही विचारलंही नसतं. तुम्ही असतात तर मला बखोटीला धरून बाहेर काढलं असतंत, की "हात थांबवू नको" म्हणून ओरडला असतात, ते मला खरोखरच ठरवता येत नाही. काम केलं तर कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. नाही केलं तर खुर्ची आहे, टीव्ही आहे आणि बारीक होत जाणारे पाय आहेत. तुम्ही मला खाचर दिलंत ते मी राबते म्हणून, आणि त्याच खाचराने माझं राबणं कुणाच्याच उपयोगाचं ठेवलं नाही. यातून वाट आहे असं मला आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं.

ती बाई उठली आणि आली तशी गेली. संध्याकाळी मालकिणीने पैसे दिले, तेही मी घेतले. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. घरी आल्यावर तुमच्या मुलाने विचारलं, दात काढला का? मी म्हटलं, हो, म्हणून त्या दिवशी मला जेवताही आलं नाही.

वहीचे हे कागद कुठे टाकायचे तेही कळत नाही. पूर्वी चुलीत घातले असते. आता घरात चूल नाही. डाळीच्या डब्यातच ठेवीन, पाटल्यांखाली. तुम्हाला मी पत्रं वाचून दाखवायचे तेव्हा वाईट बातमी गाळायचे, भाऊजी आजारी असले तरी खुशाल आहेत म्हणून वाचायचे. आज काही गाळत नाही. ती बाई बांधावर घडी घालत होती तेव्हा शेजारणीचं कोपर मला लागत होतं आणि मी रोपं लावत होते. मला त्या वेळी तिची दया आली नाही. मला फार बरं वाटत होतं.