पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही

१ मार्च १९९८, रविवार
बद्रुद्दीन जाऊन चोवीस दिवस. लोक म्हणतात, शेजारी गेला, वाईट वाटत असेल. वाटत नाही. राग येतो. अकरा वर्षं दर रविवारी चारला त्याच्याकडे व्यापार खेळलो, आणि मला हरवून हा माणूस खुशाल निघून गेला.

८ मार्च
जुन्या डायऱ्या काढल्या. अकरा वर्षांत मी नऊ वेळा जिंकलो. नऊही वेळा पहिल्या फेरीत एकही शहर घेतलं नव्हतं. बद्रुद्दीन सोंगटी पडेल ते शहर घ्यायचा. शिंपी माणूस, तुकडा दिसला की उचलायची सवय. माझी पद्धत शास्त्रशुद्ध. आधी नोटा राखायच्या, मग मुंबई. सिद्ध करणार.

१५ मार्च
त्याची इन्शा आली. काका, अम्मी डाव मांडू म्हणते. सकीनाभाभी इद्दतीत. चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येणार नाहीत. पडद्याआडून खेळल्या. फासे इन्शा टाकते, शहराचं नाव सांगते, आतून आवाज येतो, ले डाल. जूनमध्ये इद्दत संपली की मायलेकी कायमच्या मालेगावला, भाभींच्या भावाकडे. त्याआधी या घराला आणखी एकदा तरी हरवायचं.
हरलो. फासे खराब.

५ एप्रिल
चार डाव, चारही गेले. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळा देश भाभींचा झालेला असतो. जिथे जावं तिथे भाडं. पद्धत बरोबर आहे, पट लहान आहे. ते ले डाल ऐकलं की डोकं उठतं. तोही असंच म्हणायचा. मीना म्हणाली, मग तुम्हीपण घ्या की पहिल्या फेरीत. बायकोला यातलं कळत नाही.

१० मे
तिसऱ्यांदा जेलमध्ये. इन्शा हसली. पट उलटला. आता त्या घराची पायरी चढणार नाही.

१७ मे
गेलो नाही.

२४ मे
गेलो नाही. चारला कॅम्पच्या बाजारातून दोन चकरा मारल्या. मीनाने विचारलं, भाजी कुठे.

३१ मे
इन्शा बोलवायला आली. तिच्या समाधानासाठी गेलो.
जिंकलो. पहिल्या फेरीत काहीही न घेता. आज आतून सारखं रहने दे, रहने दे येत होतं. माझ्या पद्धतीपुढे भाभींचा धीर सुटला.

१४ जून
इद्दत संपली. टेम्पो भरला. भाभी बाहेर आल्या, खोका माझ्या हातात दिला. मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, भाईसाब, आमचे हे सांगून गेले होते, भाऊ रुसून दोन इतवार खेळायला आला नाही तर तिसऱ्याला बोलावून आण आणि जिंकू दे, नाहीतर येणंच बंद करेल.
घरी येऊन डायऱ्या पाहिल्या. नऊही विजयांच्या आधीचे दोन-दोन रविवार कोरे आहेत.

२१ जून, चार वाजता
पट मांडला. दोघांचे फासे मीच टाकले. पहिल्या फेरीत मी काही घेतलं नाही, बद्रुद्दीनने सगळं घेतलं. पाऊण तासात हरलो. भयंकर राग आला. पट उलटला, दोन रविवार खेळणार नाही म्हणून उठलो.
मीना जमिनीवरची शहरं गोळा करत होती. म्हणाली, आणि तिसऱ्या रविवारी बोलवायला कोण येणार?