पहिली देवाला, दुसरी डुकराला

मी, कु. दिपमाला दगा माळी, वय २५, शिक्षण एलएल.बी., घरातली पहिली पदवीधर, राहणार सोनगीर, ता. जि. धुळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर दबाव आहे. पण तो हे न लिहिण्यासाठी आहे, त्यामुळे कायद्याची हरकत नसावी.

या वयात मृत्युपत्र कशाला, याचा खुलासा. गावातल्या हितेंद्रला बंदुकीने जखमी केल्याचा खटला माझ्या वडिलांवर, म्हणजे आबांवर, चालू आहे. उद्या धुळ्याला तारीख आहे. गोळी मी झाडली, हे मी उद्या कोर्टात सांगणार आहे. तसे सांगितल्यास मला बघून घेऊ, असा हितेंद्रच्या भावाचा निरोप आला आहे. स्वसंरक्षणासाठी पुन्हा शस्त्र हातात घेण्याची माझी इच्छा नाही. म्हणून मृत्युपत्र.

१. घटना अशी. आबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची दोननळी बंदूक होती. परवाना त्यांचा, पण बारावीपासून मक्याच्या राखणीला माळ्यावर मीच बसायची, पुस्तके घेऊन. हाही गुन्हाच आहे, तो कबूल. आबांची शिकवण एकच: "पहिली देवले, दुसरी डुकरले." म्हणजे पहिली नळी आभाळात झाडायची, जनावर वळले की लगेच दुसरी त्याच्यावर. मधे विचार करायचा नाही. विचार केला की डुक्कर मक्यात शिरते.

११ फेब्रुवारीला दुपारी वीज गेल्यावर हितेंद्र आमच्या विहिरीवर मोटारीची केबल कापत होता. मी बंदूक घेऊन राखणीला होते, ओरडले. तो कोयता उगारून धावत आला. "सरक व, नहीते तुलेबी कापसू!" मी आभाळात बार काढला. त्याने कोयता टाकला आणि पळत सुटला. माझ्या बोटाने दुसरा चाप ओढला. छर्रे त्याच्या डाव्या पोटरीत मागून शिरले.

पहिला बार हा माझा हक्क होता. कोयता जमिनीवर पडला तिथे तो हक्क संपला. परीक्षेत या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण होते.

२. आबांनी पोलिसांना सांगितले, दोन्ही बार त्यांनीच काढले. मला म्हणाले, "बंदूक मनी शे, गुन्हा बी मना. तू काळा कोट घाल." हितेंद्रनेही आबांचेच नाव घेतले, कारण पोरीला बघून पळालो हे सांगायची त्याला लाज वाटली. असा दोन्ही बाजूंचा एकच जबाब झाला. आमचे वकील म्हणाले, इतकी एकवाक्यता त्यांनी वीस वर्षांत पाहिली नाही. मीही नऊ महिने गप्प राहिले. मग वकिलीच्या सनदेचा अर्ज भरायला घेतला. त्यात रकाना आहे: आपल्याविरुद्ध फौजदारी खटला आहे काय? "नाही" लिहिले. ते खरे होते. खाली सही मात्र करता आली नाही.

३. काळा कोट धाकटी बहीण सारिका हिला. बाह्या दोन बोटे आखूड कराव्या लागतील. तिने वकीलच व्हावे अशी अट नाही.

४. ब्लाउज शिवून बँकेत साठवलेली रक्कम हितेंद्रला, पायाच्या उपचारासाठी. ती घेताना त्याने आभार मानू नयेत. केबलबद्दल माझा राग कायम आहे. तो रकमेतून वजा करू नये.

५. शिलाई मशीन आई बेबाबाई हिला. तिने ते विकून मळ्याला झटका मशीन बसवावे. कुंपणाला सौम्य झटका बसतो, डुक्कर परत फिरते आणि परत फिरणाऱ्यावर कुंपण गोळी झाडत नाही.

६. चुलते नाना चहाच्या हॉटेलात सांगत फिरतात, "शिकेल पोर शे नं, मंग कायदामा काहीतरी सापडीच!" सापडले ते वर कलम १ मध्ये लिहिले आहे. त्यांना कायद्याची सर्व पुस्तके. जाड आहेत, एका वेळी एकच उचलावे.

७. बंदूक माझी नाही आणि सध्या पोलिसांकडे आहे. कोर्टाने परत दिली तरी आबांनी ती घेऊ नये, ही विनंती.

८. मैत्रीण सबा हिला काही देत नाही. ती साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही मिळू नये ही खबरदारी. तिने गैरसमज करून घेऊ नये.

९. आबांनाही काही देत नाही. कारण वरचेच. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी त्यांच्यासाठी ठेवली आहे. सकाळी त्यांनी नकार दिला: "माले वाचता येत नही." मी वाचून दाखवते म्हटले. "माले ऐकू येत नही," म्हणाले. त्यांना ऐकू येते. तरीही मी ओट्यावर बसून सगळे मोठ्याने वाचले. कलम १ ला त्यांनी मला थांबवले. "दुसरी कसाले ल्हिनी? पहिलीच ल्हे." मी म्हटले, "आबा, पहिलीचा खटलाच नाही." मग ते आधीच झाडलेल्या ओट्यावरची धूळ हाताने झाडत राहिले.

हे मृत्युपत्र माझे पहिले आणि शक्य झाल्यास शेवटचे नव्हे.

ठिकाण: सोनगीर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: दिपमाला दगा माळी

साक्षीदार:
१) सबा खाजा शेख, धुळे. (सही)
२) दगा तोताराम माळी, सोनगीर. (डाव्या हाताचा अंगठा) सगळा मजकूर दुसऱ्यांदा वाचून दाखवला. "बठ्ठं बराबर शे," म्हणाले. "दुसरीबी."