अकरा घरांचा कूड

४ सप्टेंबर

संगमरवर टळला! दोन वर्षांपूर्वी बुडालेल्या नावेच्या स्मारकासाठी समितीतल्या दोघांना बंदरावर पांढरा खांबच हवा होता, वर सोनेरी अक्षरांत नावं. आराखडा माझ्याकडे, म्हणून मी म्हटलं, अहो, या सपाट बेटावर त्याच्याएवढं उंच दुसरं काय आहे? मशिदीचा मनोरा सोडला तर काही नाही. विधवा बाया रोज उठून त्याचंच तोंड बघणार का? खूप आवाज चढले. शेवटी वनासकाका बोलले. कूड रोवण्यात सगळ्या बेटावर त्यांचा हात धरणारं कोणी नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "समुद्रात गेलेल्यांना समुद्रातच भेटायचं," म्हणाले. झालं!

तर कूड. उथळ पाण्यात मासे धरायला आपण रोवतो तसाच, खजुराच्या झावळ्यांचा. फक्त हा किनाऱ्यापासून निघून वळत जाईल आणि आत शांत पाणी राहील. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जावं, बसावं. बुडालेली माणसं अकरा, म्हणून तुकडे अकरा, घरटी एक. ज्याने त्याने आपल्याच झाडाच्या झावळ्या आणायच्या, आपल्याच हाताने रोवायच्या. हिवाळ्यात कुजतील, पुढच्या वर्षी पुन्हा रोवाव्या लागतील. लांबून कुणाला वाटेल, हा मासेमारीचाच कूड. मला तेच हवंय.

बावीसला मासेमारीचा मोसम उघडतो, त्याआधी उभा राहायला पाहिजे. आईला अजून विचारलेलं नाही.

६ सप्टेंबर

विचारलं. आई अंगणात मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या झाडाला हात लावायचा नाही."

"दोन वर्षं झाली, आई."

"मला मोजता येतं."

वज्दीचं नाव नाही घेतलं तिने. मीही नाही. एकुलता एक भाऊ माझा. अकरापैकी सात सापडले, चार नाही. तो त्या चारांतला. आईने तेव्हाही कुणाला घरात बसून रडू दिलं नाही, शोकाचं जेवण रांधलं नाही. लोक म्हणतात, आशा सुटत नाही बिचारीची. मीही तेच म्हणते. पण माझं काय? मला एक जागा हवी आहे जिथे जाऊन त्याच्यासाठी रडता येईल. एवढंही मागायचं नाही?

१० सप्टेंबर

पाच तुकडे उभे! कंबर मोडली. हात सोलवटले.

दलांदाने आज आपला रोवला. तिचा नवरा कप्तान, तोही सापडला नाही. झावळ्या दाबताना तोंडाचा पट्टा चालूच — "माझाही नाही मिळाला, मी आलेच ना! तुझी आई काय आमच्याहून जास्त आई आहे?" मग एकदम थांबली. म्हणाली, "नजिया, शेवटच्या फोनवर माझा नवरा एवढंच म्हणाला, इंजिन बंद पडलंय. आणि फोन तुटला. नावेवर तुझा भाऊ असताना इंजिन बंद कसं पडलं गं? मेलेल्या यंत्रात जीव घालायचा तो!"

मला काय माहीत? दिवसभर ते डोक्यातून जात नाही.

१४ सप्टेंबर

दहा झाले. अकराव्याच्या जागी भोक.

मला वाटलं होतं, राहू दे रिकामं, तेही बोलेल काहीतरी. कागदावर छान दिसत होतं! वनासकाका हसलेच. "शहरात शिकून आलीस ना? अगं, पाणी कुडाला नाही, भोकाला धक्का मारतं. एक वारा येऊ दे, तिथून सुरुवात करून दहाही घरं उपटून नेईल."

"मग तुम्हीच रोवा ना तो तुकडा."

"दुसऱ्याच्या मेलेल्याची झावळी मी रोवू?" असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

१६ सप्टेंबर

केलं एकदाचं. आई मावशीकडे गेली होती. कोयता घेऊन चढले, चाळीस झावळ्या उतरवल्या. वाळवायला वेळ कुठला! तशाच ओल्या नेऊन रोवल्या. एकटीने.

चोरासारखं वाटलं. पण कूड पुरा झाला. आत उभी राहून मनसोक्त रडले, दोन वर्षांत पहिल्यांदा.

१७ सप्टेंबर

दहा तुकडे पिवळे आणि एक हिरवागार! आंधळ्यालाही दिसलं असतं. मलाच कसं सुचलं नाही?

आई कपड्यांसकट पाण्यात शिरली. एकेक झावळी उपटून मागे टाकत गेली. किनाऱ्यावर सगळं गाव. कुणी पुढे झालं नाही, मीसुद्धा. दलांदा ओरडली, "आमच्या माणसांना बुडवतेस पुन्हा!" आईने वळूनही बघितलं नाही. चाळीसच्या चाळीस काढल्या.

१८ सप्टेंबर

आईचं बोलणं बंद. जेवण झाकून ठेवते, समोर बसत नाही.

१९ सप्टेंबर

सकाळपासून वारा. दुपारपर्यंत भोकाच्या दोन्ही बाजू ढिल्या. वनासकाका आणि मी छातीभर पाण्यात दोर बांधत होतो. दलांदाचा तुकडा अर्धा वाहून गेला. ती किनाऱ्यावर उभी होती, शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन आईवर ओरडले. नको ते बोलले. "तुझ्या हट्टापायी दहा घरांचं जातंय! तो मेलाय, आई! मेलाय!"

ती म्हणाली, "ओरडू नकोस. बाहेर ऐकू जातं."

२० सप्टेंबर

आई बोलली. चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे नाही.

वज्दी नावेत नव्हता. त्या पहाटे तो दुसऱ्या नावेने चोरून इटलीला गेला. इंजिनावर आपल्या जागी ऐनवेळी मुख्य भूमीवरून काम शोधत आलेल्या एका माणसाला पाठवलं. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वज्दीचा फोन आला. आईने सांगितलं — परत येऊ नकोस, बहिणीलाही कळवू नकोस.

"दहा घरांना काय तोंड दाखवू? पण माझ्या मुलाच्या नावाखाली त्या परक्या माणसाला पुरू नाही देणार मी. त्याचीही आई असेल. ती अजून वाटच बघत असेल."

त्या परक्या माणसाचं नाव साबिर. गाव आईला माहीत नाही.

माझा भाऊ जिवंत आहे. हे मी दलांदाला कसं सांगू?