फ्री रॅडिकल आणि माझा शांत स्वभाव

७ जुलै, सकाळ
आजपासून राग बंद. माणूस चिडला की शरीरात फ्री रॅडिकल वाढतात, ते पेशी फोडत सुटतात आणि मग बीपी, शुगर, सगळं मागे लागतं. हे बारामतीच्या कॉलेजातल्या पोरांना मीच शिकवतो. कन्हेरीच्या बिरूच्या मेंढ्यांना वर्षभर शेवग्याचा पाला घातला. कापल्यावर त्यांची यकृतं लॅबच्या फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. पाल्याने त्यांत फ्री रॅडिकलना आवरणारे रक्षक एन्झाइम वाढलेत, हे २१ तारखेला अनुदान देणाऱ्या समितीला दाखवायचं. नाहीतर लॅबला कुलूप.

७ जुलै, दुपार
लॅब असिस्टंट नागेश काम करताना शिट्टी वाजवत होता. फक्त टेस्ट ट्यूबचा स्टँड फेकला. नेम चुकला. म्हणजे राग उतरतोय.

११ जुलै
बिरू लॅबमध्ये आला. म्हणाला, सर, खरं सांगतो, निम्मा पाला शेळ्यांनीच हाणलाय. मी कॉलर धरली. त्याने जबड्यावर एक ठेवून दिली. उलट हात उचलला नाही, कारण खाली पडलो होतो. याला संयम म्हणतात. उठताना फ्रीझरला लाथा बसल्या. फ्रीझर बंद.

१२ जुलै
यकृतं घरी आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. श्यामलाने विचारलं, हे काय आणलंय. नवऱ्याच्या वस्तूंबद्दल प्रश्न नकोत, असं शांतपणे ओरडून सांगितलं. तरी पुन्हा विचारलं. तांब्या भिंतीवर मारला, बायको मध्ये आली. कपाळावर किरकोळ टेंगूळ. चूक तिची, तरी मोठ्या मनाने बर्फ दिला.

२० जुलै, रविवार
आखाड संपत आला. समेट म्हणून बिरू आणि नागेशला जेवायला बोलावलं. श्यामलाला म्हटलं, मटणाचं काय ते तू बघ, मला विचारू नकोस. कलेजी अप्रतिम झाली होती. दोनदा वाढून घेतली. मीठ कमी वाटलं म्हणून ताट आपटलं, पण हळू. बिरू म्हणाला, वैनी, काळीज लई ब्येस झालंय, आमच्याच मेंढराचं वाटतंय. मी हसलो. यकृताची ओळख चवीवरून पटत नसते, त्याला एन्झाइम मोजावे लागतात.

२१ जुलै, सकाळ
बर्फाच्या कप्प्यात फक्त मटार.

एक खुर्ची मोडली. मिक्सर फुटला. नागेशला फोन करून शिव्या दिल्या. त्याने फोन बंद केला. समिती अकराला येणार आणि वर्षभराचं संशोधन माझ्याच पोटात.

श्यामला म्हणाली, आखाडासाठीच आणलंय असं वाटलं. मी तांब्या उचलला. म्हटलं, अगं, एकदा विचारायचं तरी.

ती म्हणाली, विचारलं होतं. आणि कपाळावरचे केस मागे घेतले. टेंगूळ आता हिरवं पडलंय.

तांब्या खाली ठेवला.