सॅडल क्रीकचं दुसरं वळण

१२ ऑगस्ट, मंगळवार

जिवंत आहे. हे आधी लिहून टाकते.

सॅडल क्रीकची वाट. लाकडी पूल ओलांडला की येणारं दुसरं वळण. उतार, दोन्ही बाजूंना हकलबेरीची कमरेएवढी झुडपं, जांभळ्या फळांनी लगडलेली. पलीकडचं काही दिसत नाही. अशा वळणावर ओरडायचं असतं. या गावात माउंटन बाइकवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवतात, ब्रेक वगैरे नंतर. मीच शिकवते! "ए अस्वलाऽऽ, आम्ही येतोय!" असं बेंबीच्या देठापासून, लाज सोडून. कारण सायकल आवाज न करता येते, घोड्यापेक्षा वेगाने येते. आणि दचकलेलं ग्रिझली अस्वल पळून जात नाही, अंगावर येतं.

आज मी गप्प होते. अठ्ठावीसच्या सुनावणीचं भाषण रचत होते — मनातल्या मनात! चाळीस वर्षं जिने तोंड मिटलं नाही तिने नेमकं तिथे मिटलं.

मादी होती. दोन पिल्लं. वीस फुटांवर. मी दोन्ही ब्रेक आवळले, पुढचं चाक मातीत सरकलं, मी एकीकडे, सायकल दुसरीकडे. अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा डबा सायकलच्या दांडीला पट्ट्याने बांधलेला. "डबा कमरेला लावा, सायकलला नाही. पडाल तेव्हा सायकल तुमच्याजवळ नसते." हे मी किती जणांना ऐकवलंय! पण कमरेला तो पोटात रुततो. म्हणून दोन वर्षं दांडीलाच.

चित्रात असतं तशी ती दोन पायांवर उभी राहिली नाही. मान खाली घालून, दात कडकड वाजवत आली. तीन झेपा. सायकलपाशी थांबली. सीटवर एक पंजा. मला तिच्या तोंडाचा वास आला — गोड. पिकलेल्या फळांचा. आता घरात बसून त्या वासाचीच जास्त भीती वाटतेय. मग पिल्लं वर चढाला पळाली आणि ती त्यांच्यामागे गेली. किती वेळ पडून राहिले कोण जाणे. तोंडात माती होती ती थुंकायचंही सुचलं नाही.

वेंडेलला सांगितलं, झाडाच्या मुळावरून घसरले. पस्तीस वर्षांच्या संसारातला नवरा. त्याने कोपर धुतलं, पट्टी बांधली. "बघून चालव गं." एवढंच म्हणाला.

१३ ऑगस्ट

खरं का नाही सांगितलं? निदान इथे तरी सरळ लिहावं.

वनखात्याला ही वाट दरवर्षी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर सायकलींना बंद करायची आहे. फळं पिकतात, अस्वलं उतरतात. अठ्ठावीसला टाउन हॉलमध्ये सुनावणी. आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा काय? या उन्हाळ्यात सॅडल क्रीकवर अस्वल दिसल्याची एकही नोंद नाही. एकही नाही! अस्वल अंगावर आल्याची एक नोंद झाली की त्याच दिवशी फाटकाला कुलूप, असा नियम आहे.

जूनमध्ये आमच्या सायकल क्लबच्या सभेत मी बाकावर उभी राहून म्हणाले होते, "पंधरा वर्षं आपण कुदळ-फावड्याने ही वाट कोरली. ती जायला एक फोन पुरेल! एक!" सगळी सभा उठून उभी राहिली. सायकलवाल्या डगनने दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहिलं, एक फोन पुरेल. अजून आहे तिथे.

फोन करू नका असं मी म्हटलं नव्हतं. माझ्या टिपणांत आज मुद्दाम शोधलं. नाही म्हटलं.

१४ ऑगस्ट

सायकल गॅरेजमध्ये. त्या दारासमोरून जायचं टाळते, मागून फिरून जाते.

१६ ऑगस्ट, शनिवार

सायकल डगनकडे नेली. ब्रेकची मूठ वाकलीय, सीट फाटलीय. दुकानात उन्हाळ्याची गर्दी. एक पाहुणा विचारत होता, अस्वलांसाठी घंटी लावू का?

"लाव की," डगन म्हणाला. "त्यांना वाटेल जेवणाची घंटा झाली." सगळे हसले. मीही हसले! मग तो नेहमीसारखा कामाचं बोलायला लागला: हवा पुढच्या टायरात बावीस, मागच्यात पंचवीस, त्याच्या खाली उतरू नको, इथले दगड रिम खातात. आणि घंटी राहू दे, घसा वापर.

मला बघून, "या, प्रेसिडेंटबाई! आज कुणाचं रक्त प्यायलात?"

"अजून कुणाचं नाही. दुकान उघडं दिसलं म्हणून आले."

मग त्याने सीट हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. चार चिरा, समांतर, आतला फोम बाहेर. हसू गेलं त्याचं.

"मुळावर पडले," मी म्हणाले.

"हं. मोठं मूळ दिसतंय."

बाकी काही नाही विचारलं. नवीन सीट बसवली, मूठ बदलली. आणि फवाऱ्याचा डबा अडकवायचा कमरेचा पट्टा आणून काउंटरवर ठेवला. "हा रुतत नाही. राहू द्या, पैसे नको."

सुटले, असं वाटलं. गाडीत बसल्यावर मात्र खटकलं. डगनसारखा भोचक माणूस — विचारलं का नाही त्याने?

१८ ऑगस्ट

भाषणावर काम. तीन पानं. पेन भराभर चालतं. फक्त त्या एका वाक्यापाशी, "एकही नोंद नाही" पाशी, पेन थांबतं.

२० ऑगस्ट, बुधवार

बायकांची बुधवारची फेरी. प्रिसिला नेते. इस्पितळात नर्स आहे, माउंटन बाइक यंदाच शिकली आणि शिकल्यापासून सगळ्या गावाला शिकवत सुटलीय. तिचा निरोप आला: आज सॅडल क्रीक. अकराजणी!

न जाऊन कसं चाललं असतं? गेले. पुढे राहिले. डबा कमरेला.

फाटकापासून जी बोलायला सुरुवात केली ती पुलापर्यंत थांबले नाही. प्रत्येक वळणावर भाषण! सुनावणीचं, आधीच्या सुनावणीचं, शाळेत मुलांना शिकवलेलं ग्रीकांचं, रोमनांचं, जे आठवेल ते. मागून प्रिसिला ओरडली, "बाई, अस्वलांना मतदानाचा हक्क नाहीये!" हसण्याचा स्फोट झाला. हसा पोरींनो, मोठ्याने हसा, मी मनात म्हणत होते. जितक्या हसाल तितकं बरं.

दुसऱ्या वळणाआधी वाटेच्या मधोमध अस्वलाच्या विष्ठेचा ढीग. ओला. जांभळा, फळांच्या बियांनी भरलेला. मी उतरले. मागच्या अजून पुलावर होत्या. आणि मी —

लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मी तो बुटाने झुडपात ढकलला. वर सुकी पानं टाकली. बूट गवताला पुसला. मग सायकलवर बसून पुन्हा ओरडायला लागले.

काही झालं नाही. अकराच्या अकरा परत आल्या. फाटकापाशी बिअर उघडली, कुणीतरी चिप्स आणल्या होत्या. प्रिसिलाने गळ्यात हात टाकला, "तुमच्यासोबत असलं की भीतीच वाटत नाही हो." मी तो हात सोडवून सायकल गाडीवर चढवायला गेले.

२१ ऑगस्ट

आवाज बसला. पूर्ण. वेंडेल मिठाचं पाणी घेऊन आला. "गावाला सुट्टी मिळाली म्हणायची आज!" मी हसले तर घशातून नुसती हवा आली.

त्याला सांगावं, असं वाटलं. पेल्यातलं पाणी संपेपर्यंत वाटत राहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

आयुष्यभर भाषणं वाचली. मोठमोठ्यांची. प्रत्येकात एक जागा सापडते जिथे बोलणारा गडी थोडा बाजूने चालतो. खोटं बोलत नाही, फक्त एक गोष्ट ठेवून देतो घरी. मुलांना मी ती जागा शोधायला लावायचे. "बघा, इथे आवाज चढलाय. म्हणजे इथेच काहीतरी लपवलंय."

आज माझं भाषण मोठ्याने वाचून पाहिलं. "एकही नोंद नाही!" इथे आवाज चढतो.

आणि मुद्दा तर खराच आहे ना? भीतीला कायदा करू द्यायचा नाही, हे मी मनापासून मानते! आज अस्वलासाठी ही वाट, उद्या घसरड्या दगडासाठी दुसरी, परवा वीज पडेल म्हणून डोंगरच बंद. माणसाने घरात बसून राहावं की काय? जंगल ज्यांनी अंगावर घेतलं त्यांनीच ते वाचवलं, हे मी शंभरदा सांगितलंय, अजून शंभरदा सांगेन.

फक्त त्या वळणावर आता मला स्वतःला जायचं नाहीये. वाऱ्याने खिडकी वाजली तरी दातांचा तो आवाज ऐकू येतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

प्रिसिलाचा फोन, दुपारी. उद्याच्या फेरीला तिच्या मुलीच्या वर्गातल्या सात मुली येणार. दहा-अकरा वर्षांच्या. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा. कुठे? सॅडल क्रीक!

मी म्हटलं, वरच्या कडेची वाट घ्या. नजारा छान आहे.

"वरची कड? अहो, तिथे दगडांच्या पायऱ्या आहेत, मुली रडतील. तुम्हीच म्हणालात ना, लहानांसाठी सॅडल क्रीकसारखी वाट नाही? ना मुळं, ना चढ."

"ऊन फार आहे उद्या."

"झाडीत कुठलं ऊन, बाई?" मग, "तुम्ही येताय ना पुढे? ओरडायला?"

घसा अजून धरलाय, म्हणाले. "मग मुलींनाच ओरडायला लावते," ती म्हणाली. "अर्ध्यांच्या कानात गाणी असतात, पण बघू."

फोन ठेवला. स्वयंपाकघरात उभी राहिले. उद्या साडेनऊला त्या फाटकातून निघतील. सात. पुलापर्यंत चाळीस मिनिटं. मुली लहान, हलक्या, उतारावर सायकल सोडून देतील, आणि तिथे ती असेल. फळं अजून संपलेली नाहीत.

२७ ऑगस्ट, बुधवार

सात वाजता वनखात्याला फोन केला. रेंजर टेस पाब्लोने उचलला. दोन वर्षं आम्ही एकमेकींवर सभांमध्ये गुरगुरतोय. मी सगळं सांगितलं. आवाज फाटका होता, तिला आधी ओळखूच आला नाही.

"तारीख?"

"बारा."

पलीकडे पेन थांबलेलं कळलं. "बाई, आज सत्तावीस आहे."

"माहीत आहे मला."

तिने तारीख लिहून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "या उन्हाळ्यातली त्या वाटेवरची पहिली नोंद. आम्हाला वाटत होतं, यंदा मादी नदीपलीकडेच राहिली." साडेआठला माणूस पाठवते म्हणाली, कुलूप घेऊन.

मग प्रिसिलाला फोन. तिने सगळं ऐकून घेतलं. नर्सच्या आवाजात विचारलं, "म्हणजे मागच्या बुधवारी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आम्ही अकराजणी होतो."

"हो."

तिने फोन ठेवून दिला.

वेंडेल दारात उभा होता. सगळं ऐकलं असणार. चेहरा पांढरा पडलेला. मी म्हटलं, "तुझ्याशी खोटं बोलले, मूळबीळ काही नव्हतं." तो फक्त मान हलवून बाहेर गेला, अंगणात पाणी घालायला. पहाटेच पाऊस पडून गेला होता.

उद्या सुनावणी. तीन पानं फाडली. काय बोलायचं माहीत नाही. व्यासपीठाची भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दोन मिनिटं बोलले. तारीख, जागा, विष्ठेचं सुद्धा. वाट बंद करा म्हणाले. खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही.

मग डगन उठला. "मलाही दिसली होती. सात जुलै. पुलापाशी." टोपी हातात चुरगळत होता. मग मागून कुणीतरी, "आम्ही दोघं, वीस जुलै." मग एक हात, अजून एक, अजून एक. टेस पाब्लो लिहीत गेली. सहा झाले. आमच्याच क्लबचे सगळे. एक फोन पुरेल म्हणून कुणीच केला नव्हता.

सातवा हात माझ्या शेजारी होता.

वेंडेल. तीस जुलै. त्याच वळणावर, पिल्लांसकट.

गाडीत विचारलं, मला का नाही सांगितलंस? "अस्वल निघून गेलं होतं गं," म्हणाला. "तू तेव्हा घरात होतीस."

बारा तारखेला सकाळी सॅडल क्रीकला निघाले तेव्हा माझी पाण्याची बाटली त्यानेच भरून दिली होती.