कमी केलेलं नाव

४ फेब्रुवारी

मंडळाला चाळीस वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायची, आणि इतिहास मी लिहायचा! "एवढी वाचत असतेस, लिहिशील की," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे आमच्या अध्यक्षा. शाळेतून निवृत्त झाल्या, मंडळातून होत नाहीत.

मंडळ तिघींनी काढलं — बाई, मी आणि सिस्टर. इस्पितळात नर्स होती, म्हणून सगळ्यांचीच सिस्टर. स्मरणिकेसाठी बाईंनी दिलेल्या फोटोत दोघीच आहेत. तिसरीवर कात्री चालवली आहे. माझ्या खांद्यावर तिची बोटं तेवढी राहिलीत.

६ फेब्रुवारी

इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळल्या. तो मंगळवार सापडला. "चिटणीस सलग तीन बैठकांना गैरहजर. लेखी रजा नाही. नियमाप्रमाणे नाव कमी केले." चिटणीस म्हणजे सिस्टर. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही.

ते तीन मंगळवार ती कुठे होती, मला माहीत होतं. हे इस्पितळात होते आणि ती ड्यूटी संपवून ह्यांच्या उशाशी बसायची. "तू जा गं बैठकीला. इथे रडून त्यांना घाबरवतेस नुसती." मी जायचे.

बाईंनी विचारलं होतं, "तिचा काही निरोप?" कुणी बोललं नाही. मीही नाही. नाव कमी झालं त्याच तासात तिकडे हे गेले.

पुढच्या महिन्यात चिटणीस मी झाले.

७ फेब्रुवारी

लिहिताना एक शब्द अडला. ह्यांनी आणलेला शब्दकोश कपाटावर आहे. काढला नाही.

११ फेब्रुवारी

इतिहासात सिस्टरचं नाव घालू म्हटलं. "कोण सिस्टर?" — बाई! मग म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. मी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही."

"म्हणूनच ती तुमच्या दारात येत नाही." निघून गेलं तोंडातून.

बाईंना मोतीबिंदू आहे, चार ओळी लिहवत नाहीत. मी कागद पुढे सरकवले. "मग इतिहास तुम्हीच लिहा." त्यांनी चष्मा पुसला. "एक ओळ. फोटो नाही."

न्यायासाठी भांडले नाही मी. ह्यांचं शेवटचं बोलणं फक्त सिस्टरला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षांत तिने ते सांगितलं नाही, मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ओळ घेऊन जाईन, बोलणं घेऊन येईन.

२० फेब्रुवारी

आज ह्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं. ह्यांचा चष्मा आता मला बरोबर लागतो.

३ मार्च

स्मरणिका काल छापून आली. आज घेऊन गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार शेजारणीने उघडलं. सिस्टरचं खुब्याचं हाड मोडलंय, पलंगावरच असते.

"मेले नाही अजून, तोवर इतिहासात घातलंत?"

ओळ वाचून दाखवली. "पुन्हा वाच." पुन्हा वाचली.

"बाईंनी छापू दिलं? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा." मग एकदम — "एक विचारते. बैठकीसाठी रजेची चिठ्ठी तुझ्या हातात दिली होती. बाईंना दिलीस ना?"

"दिली."

"म्हणजे बाईंनीच दाबली. आणि मी मेली इतकी वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही! राग धरू नकोस गं." माझा हात घट्ट धरला. तीच बोटं.

मग मी विचारलं.

"त्यांना दिसत नव्हतं शेवटी. पावलं ऐकायचे. 'आली का?' — दर दोन मिनिटांनी. किती वेळा नाही म्हणू? मीच उठले, बाहेर गेले आणि चपला वाजवत परत आत आले. त्यांनी तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. मग शांत झाले."

उतरताना प्रत्येक मजल्यावर बसले.

४ मार्च

शब्दकोश काढला. चिठ्ठी आहे तिथेच आहे. घडीवर चिरली आहे, अक्षर तिचं स्वच्छ — "काही दिवस बैठकीला येता येणार नाही. कारण चिठ्ठी आणणारी सांगेल."